वाचणाऱ्या मुलाची तक्रार



संयोजकांनी पत्रिकेवर माझ्या नावाखाली ‘वाचनाच्या वेडातून बालसाहित्याकडे’ असा विषय छापला आहे. वाचायला तो छान वाटतो. त्यात एक गोष्ट मात्र गृहीत धरली आहे, की मुलाला वाचायचं वेड लागलं, की पुढं लिहिणं आपोआप येतं. मला तसं वाटत नाही. माझ्या ओळखीतल्या सगळ्यांत मोठ्या वाचकांनी आयुष्यात एक ओळ लिहिलेली नाही. त्यांतले निम्मे मला विरार लोकलमध्ये भेटले. एका हातानं कडी धरायची, दुसऱ्या हातात घडी घातलेला पेपर किंवा वाचनालयाचं पुस्तक धरायचं आणि दादर येईपर्यंत मान वर करायची नाही. 1867 साली विरारहून मुंबईकडे पहिली लोकल सुटली. तेव्हापासून या मार्गावर किती पुस्तकं वाचून झाली असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. त्या मानानं लेखक फारच थोडे झाले.

मग वाचणाऱ्यातून लिहिणारा कधी निघतो? माझं उत्तर सरळ आहे. वाचता वाचता ज्या मुलाची काहीतरी तक्रार राहते, ते मूल पुढं लिहितं. पोट भरलं की माणूस हात धुऊन उठतो. ज्याला पानात काहीतरी कमी वाटलं, तोच स्वयंपाकघराकडे वळतो. आज मी या तक्रारीबद्दल बोलणार आहे. आधी इतरांची सांगतो, मग आपल्या वसई-विरारची.

मराठी मुलांसाठी छापलेली सुरुवातीची पुस्तकं कोणती, हे बघितलं तर गंमत वाटते. 1828 साली सदाशिव काशीनाथ छत्रे, म्हणजे बापू छत्रे, यांची ‘इसापनीतिकथा’ आणि ‘बाळमित्र’ ही दोन पुस्तकं आली. ‘बाळमित्र’ हा बर्क्विन या फ्रेंच लेखकाच्या पुस्तकाचा इंग्रजीवरून केलेला अनुवाद होता. म्हणजे एका मोठ्या माणसानं परक्या भाषेत काहीतरी वाचलं, त्याला ते आवडलं, आणि आपल्या मुलांच्या हातात असं काही नाही हे त्याला खटकलं. त्यानंतर शंभर-दीडशे वर्षं आपलं बालसाहित्य बरंचसं याच खटकण्यावर चाललं. 1881 साली विनायक कोंडदेव ओकांनी ‘बालबोध’ मासिक काढलं. 1906 साली वासुदेव गोविंद आपट्यांनी ‘आनंद’ सुरू केलं. आपटे तर किती भाषांत वाचायचे! बंकिमचंद्रांच्या कादंबऱ्या त्यांनी मराठीत आणल्या, ‘मराठी शब्दरत्नाकर’ हा कोश केला, आणि एवढं सगळं करणारा विद्वान मुलांच्या मासिकासाठी बसून सोप्या गोष्टी लिहीत होता. विद्वान माणसाला सोपं लिहायला किती कष्ट पडतात ते ज्यानं केलंय त्यालाच कळतं. मला आपट्यांच्या कोशापेक्षा ‘आनंद’चं अधिक कौतुक वाटतं. कोशवाल्यांनी रागावू नये.

या परंपरेतलं सगळ्यांत ठसठशीत नाव भा. रा. भागवतांचं. जन्म 1910, इंदूरचा. मृत्यू 2001. आकाशवाणीत नोकरी केली, मुलांसाठी ‘बालमित्र’ नावाचं मासिक चालवलं. बघा, नाव पुन्हा छत्र्यांच्या पुस्तकाचंच. त्यांच्या पत्नी लीलावती भागवत याही मुलांसाठी लिहीत. एकाच घरात दोन बालसाहित्यिक असणं म्हणजे काय, याची कल्पना मला करवत नाही. आमच्या घरी एकच आहे आणि तोही जास्त होतो, असं घरच्यांचं मत आहे.

भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला. ‘चंद्रावर स्वारी’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ ही नावं इथल्या पन्नाशीपुढच्या मंडळींना आठवत असतील. व्हर्नची चंद्रावरची कादंबरी 1865ची, माणूस चंद्रावर उतरला 1969 साली. मधल्या शंभर वर्षांत जगभरच्या मुलांनी ती वाचली आणि मराठी मुलांना ती भागवतांमुळे मिळाली. आता खरी गोष्ट पुढं आहे. एवढा व्हर्न, एवढं साहस मराठीत आणल्यावर भागवतांना थांबता आलं असतं. अनुवादक म्हणून नाव झालं होतं. पण आणलेल्या साहसातली सगळी पोरं आणि सगळे कप्तान बाहेरचे होते. मराठी मूल त्या गोष्टीत कुठं होतं? वाचणाराच्या खुर्चीत! गोष्टीच्या आत नव्हतं. मग बनेश फेणे आला. फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकायला आलेला, सायकल हाणणारा, ‘ट्टॉक’ करणारा काटकुळा पोरगा. फास्टर फेणे.

फुरसुंगी हे गाव भागवतांनी का निवडलं असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. पुण्यातल्या एखाद्या पेठेतला मुलगा नायक करणं सोपं होतं. वाचकही बरेचसे तिथलेच असणार. पण पेठेतला मुलगा पुण्यात पाहुणा नसतो. फेणे पुण्यात थोडा बाहेरचा आहे. त्यामुळं त्याला सगळं नवं दिसतं, आणि वाचकालाही त्याच्याबरोबर नवं दिसतं. हे कसब नुसत्या अनुवादातून आलेलं नाही. वाचणाऱ्या मुलाला आत शिरायला दार कुठं लागतं हे ज्याला ठाऊक आहे, त्याचं ते काम आहे.

भागवतांनी आणखी एक पोरगा निर्माण केला, त्याची आठवण लोक कमी काढतात. बिपिन बुकलवार. नावातच पुस्तक. हा पुस्तकांचा किडा असलेला मुलगा आणि त्याची साहसं. फेणेवर दूरदर्शनची मालिका झाली, 2017 साली सिनेमा झाला, बिपिनच्या वाट्याला ते भाग्य आलं नाही. वाचणाऱ्या मुलावर सिनेमा कसा काढायचा, हा प्रश्नच आहे म्हणा. पडद्यावर तो नुसता बसलेला दिसणार. पण लेखक आपला चेहरा कुठं ठेवून जातो ते बघायचं असेल, तर मी फेणेकडे बघणार नाही, बिपिनकडे बघेन.

दुसऱ्या तऱ्हेची तक्रार माधुरी पुरंदऱ्यांची. त्यांच्या मनातलं मी सांगतोय असं समजू नका. त्यांच्या पुस्तकांवरून मला जे दिसतं ते सांगतो. त्यांनी चित्रकलेचं शिक्षण जे. जे. कला महाविद्यालयात घेतलं, पुढं फ्रान्समध्ये. घरात पुस्तकं भरपूर. वडील शिवशाहीर बाबासाहेब, आई निर्मलाताई. निर्मलाताईंनी ‘वनस्थळी’ संस्था काढून खेड्यांतल्या बायकांना बालवाडी चालवायला शिकवलं. अशा घरातली लेखिका राजा, राक्षस, शूर मुलगा यांच्या मागे लागली असती तर कोणाला आश्चर्य वाटलं नसतं. तिनं काय लिहिलं? ‘राधाचं घर’. त्यात घरातली माणसं. आई, बाबा, आजी, आजोबा. ‘यशच्या गोष्टी’त एका लहान मुलाचे साधे दिवस. तोवर आपल्या गोष्टींत मूल एक तर शूर असे, नाहीतर गुणी असे, नाहीतर वाईट वागून शिक्षा भोगून शेवटी गुणी होई. साधं, हट्टी, जेवताना पाय हलवणारं मूल पुस्तकात फारसं येत नसे. पुरंदऱ्यांनी ते आणलं, आणि चित्रंही स्वतःच काढली. त्यामुळं मजकुरात नसलेलं कितीतरी चित्रात सापडतं. 2014 साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. त्यांच्या ‘वाचू आनंदे’ या संपादित पुस्तकांत उताऱ्यांच्या शेजारी थोर चित्रकारांची चित्रं ठेवली आहेत. घरात मूल असेल तर ती पुस्तकं घ्याच. मूल नसेल तरी घ्या.

तिसरं नाव ल. म. कडूंचं. ‘खारीच्या वाटा’ ही त्यांची लहानशी कादंबरी, 2017 साली अकादमीचा पुरस्कार मिळालेली. धरणाच्या पाण्याखाली जाणारं गाव त्या गावातल्या मुलाच्या नजरेतून दिसतं. विस्थापनावर मराठीत मोठ्यांसाठी बरंच लिहिलं गेलं आहे. पण घर सोडताना मूल काय बरोबर घेतं आणि काय मागे राहतं, हे मोठ्यांच्या पुस्तकांत कुठून सापडणार?

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. पालघर जिल्हा झाला 2014 साली. मी सांगतो ती गोष्ट त्याच्या पुष्कळ आधीची. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी 1945 साली डहाणू भागात बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांना तिथं येऊन मिळाल्या. बालपणी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य, त्यानंतर जिद्दीनं शिक्षण, असं त्यांचं आयुष्य. 1957 साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. बालशिक्षणाची विदेशी साधनं महाग होती, आणि वारली पाड्यांवरच्या मुलांना ती परकीही होती. म्हणून या बायांनी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं यांची साधनं केली. मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली. आज देशभर ज्याला अंगणवाडी म्हणतात, त्याचं मूळ इथं आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या एका टेकडीवर. आपण ते पुरेसं मिरवत नाही, ही माझी एक जुनी कुरकुर आहे.

बालसाहित्याशी याचा काय संबंध, असं कोणी विचारेल. ज्या मुलानं कधी आगगाडी बघितलेली नाही, त्याला झुकझुक गाडीचं गाणं शिकवायचं की त्याच्या पाड्यावरच्या कोंबडीचं? मुलांना गाणी, गोष्टी सांगणाऱ्या या दोघींना हा प्रश्न रोज सकाळी पडत होता. शहरातल्या लेखकाला तो पुस्तक छापून झाल्यावर पडतो, तोही पडला तर. कोसबाडनं मला शिकवलेली गोष्ट एवढीच, की मुलाच्या पायाखाली जे आहे तिथून सुरुवात करायची. तिथून त्याला वाटेल तिथं नेता येतं, अगदी शेंडेनक्षत्रावरसुद्धा.

आता माझी तक्रार. व्याख्यात्यानं स्वतःबद्दल थोडं बोलायचं असतं, आणि थोडंच बोलायचं असतं.

मी आगाशीच्या बाजूचा. आमच्या घरी वाडवळी बोलली जायची, शेजारच्या नंदाखालला सामवेदी, अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर कोळ्यांची बोली, डोंगराकडून केळी आणि लाकडं घेऊन येणाऱ्या बायकांची वारली. बाजारात उभं राहिलं तर चार-पाच मराठी एकदम कानावर यायच्या आणि कोणालाच कोणाचं अडायचं नाही. पुस्तकात मात्र एकच मराठी होती, आणि ती आमच्या कोणाच्याच घरची नव्हती. मला ती वाईट वाटली नाही, उलट फार आवडली. जून महिन्यात नवं पुस्तक मिळालं की शाळा सुरू व्हायच्या आत बालभारतीचं अख्खं मराठी पुस्तक वाचून टाकायचं, ही आमच्या पिढीतल्या बहुतेकांची सवय. मोठ्या भावंडाचं जुनं पुस्तक असलं तर ते आधीच पाठ झालेलं असायचं. शाळेत ग्रंथालयाचं कपाट होतं. त्याला कुलूप होतं. किल्ली एका शिक्षकांकडे असायची आणि पुस्तकं खराब होतील या भीतीनं ती सहसा बाहेर यायची नाही. खरं सांगायचं तर त्या कुलपानं माझं भलंच केलं. काचेतून दिसणाऱ्या पाठींवरची नावं वाचून आत काय असेल ते मी मनात रचायचो.

महिन्याला ‘किशोर’ यायचा. बालभारतीनं 1971 साली तो सुरू केला, आणि आज त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. नातवंडांना दाखवा. ‘चांदोबा’ही यायचा. त्यात वेताळ राजाच्या खांद्यावर आणि चित्रांतल्या स्त्रिया दागिन्यांनी मढलेल्या. गावंही बरीचशी नुसतीच एक गाव होती, कुठलंतरी. आणि मग फेणे. फुरसुंगी कुठं आहे ते मला ठाऊक नव्हतं. नकाशात शोधलं, सापडलं नाही. तरी काही अडलं नाही. फेणे प्रतापगडावर गेला, काश्मीरला गेला, चीनच्या युद्धाच्या धामधुमीतही जाऊन आला. पण माझ्या हाती पडलेल्या एकाही पुस्तकात तो विरारच्या गाडीत चढला नाही.

ही तक्रार एवढीच. हा पठ्ठ्या जगभर हिंडतो, मग आमच्याकडे का येत नाही? आमच्याकडे साहसाला कमी काय आहे? वसईचा किल्ला आहे, भुयारं आहेत, म्हणजे असल्याचं सगळे सांगतात. समुद्र आहे, त्यात अर्नाळ्याचा जलदुर्ग आहे. तुंगारेश्वराचं रान आहे. आमच्या शेजारच्या सोपाऱ्यात 1882 साली भगवानलाल इंद्रजींनी बुरूड राजाचा कोट म्हणतात तो स्तूप खणला आणि त्यातून बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले तुकडे निघाले. ते आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहेत. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सोपाऱ्यात सापडला, तोही मुंबईच्या संग्रहालयात. बौद्ध कथांमध्ये सोपाऱ्याचा पूर्ण नावाचा व्यापारी आहे, समुद्रावर जाणारा, पुढं बुद्धाचा शिष्य झालेला. आम्ही त्या स्तूपापासून काही अंतरावर क्रिकेट खेळायचो. दोन हजार वर्षांपूर्वी तिथं जहाजं लागत, हे मला वयाच्या पंचविशीनंतर, मोठ्यांच्या पुस्तकातून कळलं. दहाव्या वर्षी कळलं असतं, तर क्रिकेट सुटलं असतं असं नाही. पण चेंडू झाडीत गेल्यावर आम्ही तो जरा जास्त वेळ शोधला असता.

माझं पहिलं पुस्तक घंटांवर झालं. इथं बसलेल्यांना ठाऊक आहे. 1739 साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीजांची दोनशे वर्षांची राजवट संपली. चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी नेल्या आणि पुढं त्या देवळादेवळांत टांगल्या गेल्या. भीमाशंकरला एक आहे. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणविसांच्या वाड्याशेजारच्या घाटावर एक आहे. नाशिकला नारोशंकराच्या देवळातली घंटा प्रसिद्धच आहे. वसईचं मूल सहलीला मेणवलीला जातं, घंटा वाजवतं आणि ती आपल्या गावची आहे हे त्याला कोणी सांगत नाही. गोष्ट तयारच होती. मी फक्त एक मुलगा त्या घंटांच्या मागे धाडला.

ती लिहिताना एक अवघड जागा आली, ती सांगायला हवी. घंटा कोणाची? माझ्या वर्गात निम्मी मुलं वाडवळ, भंडारी, आगरी आणि निम्मी ख्रिस्ती. एकाच्या घरी ती विजयाची खूण, दुसऱ्याच्या घरी हरवलेल्या चर्चची. मोठ्यांच्या पुस्तकात अशा जागी लेखक एक परिच्छेद विवेचन करतो आणि सुटतो. मुलांच्या पुस्तकात विवेचन चालत नाही. मूल ते पान उलटतं. मी बराच काळ अडलो. शेवटी मुलाबरोबर नंदाखालचा त्याचा वर्गमित्र दिला. दोघं एकाच बाकावर बसणारे. घंटा कोणाची यावर ते भांडतात, दोन दिवस बोलत नाहीत, आणि मग लोकल चुकू नये म्हणून नाइलाजानं बोलतात. उत्तर पुस्तकात नाही. काही पालकांनी त्यावर नाराजी कळवली. मुलांपैकी कोणी नाही.

या मातीतून मोठ्यांसाठी लिहिणारे पुष्कळ झाले. नंदाखालचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. ‘सुवार्ता’ मासिकानं कितीजणांना लिहितं केलं. ख्रिस्ती मराठी लेखनाचं एक मोठं केंद्र म्हणून वसईचं नाव आहे. मुलांसाठी लिहिणं मात्र आपल्याकडे अजून फावल्या वेळचं काम मानलं जातं. एखादा कवी चाळीस वर्षं गंभीर कविता लिहितो आणि नातू झाला की बालकवितांचा संग्रह काढतो. त्या संग्रहात ससा असतो, चांदोमामा असतो, खाऊ असतो. नातू तो वाचत नाही. फाडतो. मी नातवाच्या बाजूचा आहे.

मुलांसाठी लिहिणं हे कामच वेगळं आहे, आणि त्याच्या अडचणी बारीक असतात. नुकत्याच वाचायला शिकलेल्या मुलासाठी पुस्तक लिहायचं तर जोडाक्षर टाळावं लागतं. बसून बघा एकदा. ‘वसई’ लिहिता येतं, ‘विरार’ लिहिता येतं, ‘नायगाव’, ‘आगाशी’ येतं. ‘अर्नाळा’ लिहिता येत नाही, ‘निर्मळ’ येत नाही. आणि आमचा किल्ला? ‘ल्ल’ आला, गेला किल्ला. ‘स्टेशन’ही गेलं. स्टेशन नसलेली विरारची गोष्ट लिहायची म्हणजे काय दशा होते ते तुमच्या लक्षात येईल. मी त्यात गाडी आणली, गाडीला गरदी झाली असं लिहिलं. मूल तसंच म्हणतं. संपादकांनी ते खोडलं. मी पुन्हा लिहिलं. शेवटी ‘लोक फार होते’ यावर तडजोड झाली.

मग पानांचा हिशेब. छपाईत सोळा पानांचा एक फॉर्मा. गोष्ट सोळात बसवा नाहीतर बत्तीसपर्यंत ताणा. चित्रकाराला मानधन द्यायचं, कागद जाड हवा, रंगीत छपाई हवी, आणि किंमत वडापावाच्या हिशेबात बसली पाहिजे. आई-बाप पुस्तकाची किंमत बघून म्हणतात, एवढीशीच तर पानं आहेत. तीच मंडळी पोराच्या वाढदिवसाला प्लास्टिकची बंदूक घेतात आणि किंमत बघत नाहीत. हे मी रागानं सांगत नाही. प्रकाशकाचा हिशेब सांगतोय.

आज नालासोपाऱ्यात मी मुलांच्या कार्यशाळेला जातो तेव्हा वर्गात घरी हिंदी बोलणारी मुलं असतात, भोजपुरी, गुजराती, कानडी, मराठवाड्याची मराठी, कोकणातली मराठी. महापालिका 2009 साली झाली, तेव्हापासून तर इथली वस्ती बघता बघता वाढली. बरीच मुलं इंग्रजी शाळेतली. मराठी वाचता येतं, पण अडखळत. या मुलांच्या हातात मी माझ्या लहानपणची पुस्तकं दिली तर ती नम्रपणे चाळतात आणि परत करतात. पाचव्या-सहाव्या इयत्तेच्या एका मुलीनं तर मला सुनावलंच. म्हणाली, “सर, तुमच्या गोष्टीत सगळ्यांच्या घराला अंगण कसं काय असतं? आमच्या बिल्डिंगला तर गच्चीवर जायलासुद्धा कुलूप आहे.” मी तिला म्हटलं, मग तू लिही. गच्चीवर जायच्या कुलपाची गोष्ट लिही. तिनं लिहिली. शुद्धलेखनाच्या चुका भरपूर, अर्धं हिंदी, शेवट नाही. पण कुलूप तिनं असं लिहिलं होतं, की ते माझ्या शाळेच्या कपाटाचं आहे असं मला वाटलं. वाचनाचं वेड म्हणाल तर त्या मुलीला फारसं नाही. तक्रार मात्र खणखणीत आहे. त्यामुळं वेड काय, ते मागून लावता येईल, असा माझा अंदाज.

वाचनालयांबद्दल एक शब्द, कारण इथं काही वाचनालयांचे कार्यकर्ते बसले आहेत. आपल्याकडे सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 सालापासून आहे, अनुदान आहे, वर्गवारी आहे. बालविभागही असतो. पण बऱ्याच ठिकाणी तो कपाटाच्या सगळ्यांत खालच्या कप्प्यात असतो. ते एका परीनं बरंच, मुलांचा हात तिथंच पोहोचतो. अडचण अशी, की नोंदवहीवर सही घेताना आपण मुलाला विचारतो, “वाचून झालं का?” आणि तिथंच थांबतो. कधीतरी विचारा, “यात काय नव्हतं?” मुलं फार नेमकं सांगतात. मी हे विचारतो आणि उत्तरं वहीत टिपून ठेवतो. माझ्या पुढच्या दोन पुस्तकांचे विषय तिथूनच आले आहेत.

सध्या लिहितोय ती गोष्ट अर्नाळ्याची आहे. बोटीवर जाणाऱ्या बापाची, सुकट विकणाऱ्या आईची आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक तोंडपाठ असलेल्या त्यांच्या मुलीची. पुस्तक मोठ्या मुलांसाठी आहे, जोडाक्षरांची मुभा आहे, म्हणून गावाचं नाव तरी लिहिता आलं. आईचे संवाद मी तिच्या बोलीतच ठेवले आहेत. बोली माझ्या घरची नाही, म्हणून किनाऱ्यावरच्या दोन बायकांना ती पानं मी वाचून दाखवली, आणि त्यांनी हसत हसत निम्मी वाक्यं बदलून दिली. प्रकाशकांचं म्हणणं आहे, की पुण्या-नागपूरच्या मुलांना हे कळणार नाही, खाली अर्थ द्या. मी देणार नाही. एखादा शब्द अडला तर त्यांनी तो अंदाजानं लावावा आणि पुढं जावं. फुरसुंगी आम्हाला तरी कुठं सापडलं होतं?